कोंबडा हवा की नको? अंडी आणि पिल्लांच्या धंद्याचा हिशोब

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मालेगाव तालुक्यातील एका गावी राहणाऱ्या माझ्या खालाजाद बहिणीच्या घरचे दोन यंत्रमाग मंदीमुळे विकावे लागले. आलेल्या रकमेतून देणी भागवून जे उरले त्यातून तिने वीस पांढऱ्या कोंबड्या घेतल्या. विकणारा पोल्ट्रीतून उतरवलेला माल गावोगाव फिरून विकणारा. त्याने सांगितले, "अंडी खा, विका, आणि हवी तेवढी पिल्लेही काढा." कोंबड्या अंडी देत होत्या, त्यात खोटे काही नव्हते. बहिणीने छत्तीस अंडी साठवली, शेजारणींकडच्या तीन खुडूक गावरान कोंबड्या मागून आणल्या आणि प्रत्येकीखाली बारा बारा अंडी ठेवून त्यांना बसवले. एकवीस दिवस झाले. पंचवीस झाले. एकही पिल्लू बाहेर आले नाही. अंडी फोडली तर घरभर दुर्गंधी. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले कोंबड्या बसवल्या तो दिवस चांगला नव्हता.

तिने मला विचारले, "भाईजान, मुर्ग्यांमध्येच काही ऐब आहे का?" मी कापडाचा माणूस. तागा हातात घेतला की सूत किती नंबरचे ते सांगेन, अंड्यातले मला काय कळणार! मी तिला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "कळपात कोंबडा होता का?" नव्हता. डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. त्यांनी अर्धा तास बसवून समजावून सांगितले. पुढे या विषयावर मी बरेच वाचले, विचारपूस केली. आज अनेक घरांत, विशेषतः महिलांकडून, कोंबडीपालनाला सुरुवात होत आहे. म्हणून हा विषय मुळापासून मांडत आहे.

लोकांमध्ये दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला असा की कोंबड्याशिवाय कोंबडी अंडेच देत नाही. दुसरा असा की अंडे आले म्हणजे त्यातून पिल्लू निघणारच. पहिल्या गैरसमजात कोंबड्यांच्या खाद्याचा पैसा फुकट जातो. दुसऱ्यात तर महिना, अंडी आणि उमेद तिन्ही जातात.

अंडे हे कोंबडीचे स्वतःचे काम

अंडे तयार होणे ही मादीच्या शरीराची नियमित क्रिया आहे. कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचेच बीजकोश काम करते, उजव्या बाजूचे वाढत नाही. त्यात हजारो सूक्ष्म बीजे असतात. त्यातील एकेक बीज पाळीपाळीने मोठे होऊन पिवळा बलक बनते. शेवटच्या आठ-दहा दिवसांत हा बलक झपाट्याने वाढतो. पिकलेला बलक सुटला की तो अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तेथे तो पंधरा मिनिटे ते अर्धा तास असतो. पुढच्या भागात सुमारे तीन तासांत त्यावर पांढरा चढतो, त्यानंतर सव्वा तासाच्या आसपास पातळ पडदे येतात आणि शेवटच्या भागात जवळजवळ वीस तास थांबून चुन्याचे कवच बसते. एकूण २४ ते २६ तास. या साऱ्या कारखान्यात नराचा हात कोठेही लागत नाही.

हा वेळ चोवीस तासांपेक्षा थोडा जास्त असल्यामुळे कोंबडी रोज मागच्या दिवसापेक्षा काहीशी उशिरा अंडे देते आणि मग एखादा दिवस नागा पडतो. अंडे दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, परंतु दिवस कलला असेल तर तो दुसऱ्या दिवसावर जातो. नागा पडला की कोंबडीला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग कोंबडी अंड्यावर येते कशाने? वयाने, खाद्याने आणि उजेडाने. पोल्ट्रीतील लेअर जातीची तलंग १८ ते २० आठवड्यांत अंडी सुरू करते. गावरान तलंगेला त्यापेक्षा उशीर लागतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथून बीजकोशाला इशारा जातो. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस सुमारे अकरा तासांचा आणि उन्हाळ्यात तेरा तासांच्या आसपास असतो. म्हणून पोल्ट्रीवाले पहाटे व संध्याकाळी दिवे लावतात. थंडीत घरच्या कोंबड्या अंडी कमी करतात तेव्हा "कोंबडा म्हातारा झाला" असे म्हणून नवा कोंबडा विकत आणणारे मी पाहिले आहेत. त्या पैशात एक बल्ब लावला असता तर काम झाले असते.

शहरात आपण दुकानातून जी पांढरी अंडी आणतो ती जवळजवळ सगळी कोंबड्याचे तोंड न पाहिलेल्या कोंबड्यांची असतात. व्हाईट लेगहॉर्न वंशाची व्यापारी कोंबडी योग्य खाद्यावर वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. अशा शेडमध्ये नर ठेवलेलाच नसतो. याच कारणाने महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात अशा अफलित अंड्याचा वेगळा विचार केला होता. त्यातून पिल्लू कधीच होत नाही, म्हणून जो दूध घेतो त्याला असे अंडे घ्यायला हरकत नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी खावे, कोणी खाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण शास्त्राची बाजू त्या काळीही स्पष्ट होती.

कोंबडा नेमके काय करतो

आमच्या उर्दू शाळेत विज्ञानाच्या मास्तरांनी 'बारआवरी' हा शब्द पाठ करून घेतला होता. मराठीत त्याला फलन म्हणतात. शब्द पाठ झाला, अर्थ मात्र बहिणीच्या छत्तीस अंड्यांनी शिकवला.

मीलनानंतर नराचे शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेत चढतात. त्यातील पुष्कळसे नलिकेच्या खालच्या भागातील बारीक नळ्यांमध्ये साठून राहतात आणि तेथे दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. बलक नरसाळ्यात पडला की पहिल्या पंधरा मिनिटांच्या आसपासच, पांढरा चढण्यापूर्वी, फलन व्हावे लागते. एकदा पांढरा आणि कवच चढले की मग काही उपयोग नाही. म्हणून "अंडी आधी गोळा करू, कोंबडा नंतर आणू" हे चालत नाही. तागा विणून झाल्यावर सुताचा रंग बदलता येत नाही, तसेच हे.

या साठवणुकीमुळे धंद्याच्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. कोंबडा कळपात सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही अंडी फलित येऊ लागतात, परंतु उबवणीसाठी अंडी आठवडाभराने जमवायला घ्यावीत. कोंबडा काढून घेतला तरी सुमारे आठवडाभर अंडी चांगली फलित येतात, पुढे प्रमाण घसरते आणि तीन आठवड्यांनी जवळजवळ संपते. आणि जात बदलण्यासाठी जुना कोंबडा काढून नवा आणला असेल तर तीन आठवडे थांबावे, नाहीतर पिल्ले कोणत्या कोंबड्याची हे सांगता येणार नाही. "सुधारित कोंबड्याची पिल्ले" म्हणून जादा भाव घेणाऱ्याने ही मुदत पाळलीच पाहिजे, कारण घेणाऱ्याला ते दिसत नाही, देणाऱ्यालाच ठाऊक असते.

किती कोंबड्यांमागे एक कोंबडा? हलक्या जातीत दहांमागे एक, जड जातीत आठांमागे एक हे प्रमाण ठीक पडते. पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगांचा जो गट देण्याची पद्धत आहे त्यात २५ माद्या आणि ३ नर असतात, तो हिशोब याच प्रमाणाचा आहे. जास्त कोंबडे ठेवले तर पिल्ले वाढत नाहीत, फक्त मारामाऱ्या वाढतात आणि माद्यांच्या पाठीची पिसे जातात.

कोंबड्याबाबत आपल्या गावांत एक मोठी चूक होते. घरच्याच कोंबडीचा मुलगा वाढवून त्यालाच पुढे कळपाचा धनी केले जाते. दोन-तीन पिढ्या असे चालले की अंड्यांत पिल्ले मरू लागतात, निघालेली कमजोर निघतात. वर्ष-दोन वर्षांनी दूरच्या गावचा, ओळखीच्या निरोगी कळपातला कोंबडा अदलाबदलीने आणावा. अदलाबदलीला पैसा लागत नाही. मात्र नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये. राणीखेत (मानमोडी) रोग असाच पाहुण्याबरोबर येतो, आणि २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झाले ते खानदेशातील लोक विसरलेले नाहीत.

एक गोष्ट महिलावर्गाला विशेष सांगण्यासारखी. पिल्लांत नर जास्त निघाले तर कोंबड्याला दोष देऊ नये. पक्ष्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे मादीच्या बीजावर ठरते. माणसांत हे उलट, पित्याकडून ठरते. आणि आपल्या समाजात दोष मात्र कोणाला दिला जातो ते सर्वांना माहीत आहे.

नराशिवाय पिल्लू कधीच होत नाही का, असा प्रश्न एखादा चिकित्सक वाचक विचारील. टर्की पक्ष्यात असे घडलेले आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांना नराशिवायच्या टर्कीच्या अंड्यांत गर्भ वाढताना दिसले, थोडी पिल्लेही निघाली आणि ती सगळी नर होती. २०२१ साली कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडाच्या दोन पिल्लांना पिताच नसल्याचे तपासणीत आढळल्याचे जाहीर झाले. कोंबडीत असा गर्भ क्वचित सुरू होतो आणि बहुधा लवकरच मरतो. त्यावर धंदा उभा राहत नाही.

अंडे पाहून ओळखता येते का

बाहेरून नाही. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, बलकाचा रंग खाद्यावर. मका आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद येतो, कोंबडा असो वा नसो. पोषणातही फलित आणि अफलित अंड्यात फरक नाही. 'कोंबड्याचे अंडे ताकदीचे' म्हणून जास्त भाव मागणाऱ्याला तो देऊ नये. तपकिरी कवच दाखवून 'गावरान' म्हणून विकणाऱ्याचीही गोष्ट तीच. तपकिरी अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या जातीही आहेत, आणि चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडीही बाजारात सापडली आहेत.

फोडून मात्र ओळखता येते. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. अफलित अंड्यात तो लहान, भरीव, कडा वेड्यावाकड्या असा दिसतो. फलित अंड्यात तो थोडा मोठा, गोल आणि मध्ये फिकट, भोवती कडे असा दिसतो, कारण अंडे बाहेर येईपर्यंत त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. उबवणीसाठी कोणाकडून पन्नास-शंभर अंडी घ्यायची असतील तर चार-पाच अंडी समोर फोडून पाहावीत. कापडाचा सौदा करताना आपण नमुना पाहतोच की! पाच अंड्यांची किंमत ही महिनाभराच्या नुकसानीपुढे काहीच नाही. ठिपक्याचे कडे ओळखायला नजर बसावी लागते, म्हणून आधी दुकानातले एक अंडे फोडून फरक पाहून घ्यावा.

दुसरी तपासणी सातव्या रात्री. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला छोटे भोक पाडून मागे बॅटरी धरावी (आता मोबाईलचा दिवाही चालतो) आणि अंड्याची जाड बाजू भोकाला लावावी. गर्भ असेल तर मध्यभागी काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात. काहीच दिसले नाही, अंडे स्वच्छ उजळले तर ते अफलित. लाल कडे दिसले तर गर्भ सुरू होऊन मेला. अशी अंडी काढून टाकावीत. यातली 'स्वच्छ' अंडी सात दिवस उबेत राहिलेली असतात. ती ताजी म्हणून बाजारात विकणे म्हणजे डागी कापड घडीत दाबून विकण्यासारखे आहे.

उबवणीचा भाग

पोल्ट्रीच्या पांढऱ्या कोंबड्या खुडूक बसत नाहीत. पिढ्यान्पिढ्या निवड करून तो स्वभावच काढून टाकलेला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी बंद करते. त्यामुळे कोंबडा आणला तरी उबवायला गावरान कोंबडी किंवा यंत्र लागतेच. एक गावरान कोंबडी दहा-बारा अंडी नीट झाकते. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात आणि आलटून पालटून सगळीच बिघडतात.

यंत्र असेल तर ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस उष्णता, पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के ओलावा, शेवटचे तीन दिवस त्याहून जास्त. अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन ते पाच वेळा अंडी फिरवावी लागतात. वीज जाते त्या गावात लहान यंत्र घेण्याआधी दहादा विचार करावा. कोंबडीला वीज लागत नाही.

अंडी साठवताना सात दिवसांहून जुनी घेऊ नयेत, धुऊ नयेत, जाड बाजू वर ठेवावी. वीस-एकवीस अंशांच्या वर अंडे राहिले की गर्भ हळूहळू वाढू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडे घरातच पस्तीस अंश असतात. ओल्या वाळूवर मडके ठेवून त्यात अंडी ठेवली आणि तोंडाला कापड बांधले की बराच थंडावा मिळतो.

याच कारणाने, जे केवळ खाण्याची अंडी विकतात त्यांनी उन्हाळ्यात कोंबडा कळपातून काढलेला बरा. अफलित अंड्यात वाढायला काही नसते, ते उन्हात जास्त टिकते. शीतपेट्या नव्हत्या त्या काळी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उबवणीचा हंगाम संपताच कोंबडे काढून टाकण्याची मोहीमच चालवली गेली होती, कारण उन्हाळ्यात गर्भ धरलेली अंडी शहरात पोहोचेपर्यंत खराब होत.

खर्चाचेही पाहा. बंदिस्त कळपात एक कोंबडा दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खातो. तीन कोंबडे म्हणजे ३६० ग्रॅम, वर्षाला १३१ किलो. खाद्य समजा ३५ रुपये किलो धरले तर साडेचार हजारांच्या वर रक्कम झाली. पिल्ले काढायची नसतील तर ही रक्कम निव्वळ आरवणे ऐकण्यासाठी मोजली. परसात फिरून चरणाऱ्या कळपात हा खर्च फारच कमी होतो, शिवाय कोंबडा घार किंवा मांजर दिसताच ओरडून कळप सावध करतो, त्याचा फायदा आहेच.

हॅचरीचा व्यवहार याहून वेगळा. तेथे पैदाशीच्या माद्या वेगळ्या ठेवून त्यांच्यात प्रमाणात नर सोडतात, किंवा पिंजऱ्यातील माद्यांना कृत्रिम रेतन करतात. लेअर जातीची पिल्ले निघाली की माद्या विकल्या जातात आणि नरांना गिऱ्हाईक नसते. जत्रेत आणि हातगाडीवर लाल-हिरव्या रंगात रंगवून मुलांना विकली जातात ती बहुतेक हीच नर पिल्ले. ती मोठी होऊन अंडी देतील या आशेने कोणी घेऊ नयेत. जर्मनीने अशी नर पिल्ले मारण्यावर २०२२ पासून बंदी घातली आहे. गावरान जातीत ही अडचण नाही, नराला मांसासाठी चांगला भाव मिळतो.

बहिणीचे पुढे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने शेजारच्या गावातून दोन गावरान कोंबडे आणले, पंधरा दिवस वेगळे बांधले, मग कळपात सोडले. आणखी दहा दिवस थांबून चोवीस अंडी दोन खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. शेजारणी पहिल्या अनुभवाने कोंबड्या द्यायला तयार नव्हत्या, म्हणून अर्धलीचा करार झाला, निघतील त्या पिल्लांत अर्धा वाटा. सातव्या रात्री तपासले तर तीन अंडी स्वच्छ निघाली, एकात लाल कडे. राहिलेल्या वीसपैकी सतरा पिल्ले निघाली. आठ बहिणीला, नऊ शेजारणींना. विषम आकडा आल्यावर एक पिल्लू तिने आपण होऊन जास्त दिले, त्यामुळे पुढच्या खेपेला कोंबड्या मागायला जावे लागले नाही, शेजारणीच विचारायला आल्या.

आता ती दोन खुराड्यांत कळप ठेवते. एकात कोंबडे नाहीत, ती अंडी दुकानाला जातात. दुसऱ्यातील अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालून ती उबवणीसाठी दीडपट भावाने विकते, आणि घेणाऱ्याला हवे असेल तर एक अंडे स्वतःच्या खर्चाने फोडून ठिपका दाखवते.